बिनहँडलचा हापसा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी मोडलेलो नाही. मी गंजलेलो नाही. माझं हँडल कुणी चोरून भंगारात विकलेलंही नाही. या कोपऱ्यावरून जाणारे नवखे लोक माझ्याकडे बघून चुकचुकतात आणि म्हणतात, "अरेरे, बिचारा हापसा!" मला त्या 'बिचारा' शब्दाचा भारी राग येतो. बिचारा कोण? मी? अहो, या गल्लीत सरकार चालत आलं ते माझ्यासाठी. लष्करातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने बाह्या सरसावून मला हापसलेलं आहे. आहे का असा मान तुमच्या घरातल्या एखाद्या नळाला?

वयाने मी म्हातारा आहे, अंगाने धडधाकट आणि स्वभावाने जरा तोंडाळ. हँडल नसलं तरी तोंड आहे ना! तेव्हा बसा इथे कट्ट्यावर आणि माझी हकिकत ऐका.

माझा जन्म लोखंड ओतायच्या एका कारखान्यात झाला. तिथली आठवण म्हणजे नुसती धग आणि आरडाओरडा. साच्यातून बाहेर काढल्यावर एका कामगाराने माझ्या अंगावर हातोडीने टकटक केलं, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा टिकेल." माझ्याबद्दल कुणी काढलेले ते पहिले शब्द, मी ते जन्मभर विसरलो नाही. मग ट्रकमधून धक्के खात मी या गल्लीत आलो. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला शिंपीणकाकूंचं दुकान, आणि गल्लीच्या टोकाला उंच भिंत. भिंतीवर काटेरी तार. त्या भिंतीपलीकडे लष्कराचा विमानतळ. गल्लीतले लोक त्याला नुसतं 'तळ' म्हणतात.

बोअर मारणाऱ्यांनी जमिनीला खोल भोक पाडलं, त्यात पाइप सोडले, वर मला बसवलं. पाणी लागलं तेव्हा बेकरीवाल्याने पहिली ओंजळ प्यायली आणि डोळे मिटून म्हणाला, "वा!" बस्स, तेव्हापासून माझी छाती फुगली ती फुगलीच. शहरातल्या बाकीच्या भागात पुढे नळ आले, पण आमची गल्ली अगदी कडेची, तिथवर पाइपलाइन काही पोचेना. पोचेना तर नाही! गल्लीचं काही अडलं नाही. सकाळी बादल्यांची ही रांग लागायची. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी काल भांडी आपटली, कुणाचा मुलगा पास झाला, सगळं मला आधी कळायचं. शिंपीणकाकू तर पाहुण्यांना बजावून सांगायच्या, "चहा माझा नाही, हापशाचा आहे. पाणीच तसं आहे आमचं." हे ऐकून मी मुद्दाम एक धार जास्त सोडायचो.

माझी देखभाल करायचे ते मामा. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. धंद्याने ते नळजोडणीवाले. मला बसवलं तेव्हा ते नुकते मिसरूड फुटलेले पोरगे होते, आज त्यांच्या मिश्या पांढऱ्या झाल्या आहेत. त्यांचं घर माझ्या समोरच. माझा आवाज बदलला की ते जेवण अर्धवट टाकून पाना घेऊन यायचे. "काय रे, घसा बसला का तुझा?" असं विचारायचे आणि वॉशर बदलायचे. मी एकदाही कुणाला रिकाम्या बादलीनिशी परत पाठवलं नाही, त्याचं निम्मं श्रेय मामांचं. निम्मं माझं. खोटा विनय मला जमत नाही.

आता तळाबद्दल सांगतो. भिंतीपलीकडे एक मोठा खड्डा होता. अधूनमधून तिथे भोंगा वाजायचा, जवान खड्ड्यात मुद्दाम आग लावायचे, लाल गाड्या धावत यायच्या आणि पांढऱ्या फेसाचे लोटच्या लोट सोडून ती आग विझवायच्या. विमानाला आग लागली तर काय करायचं, याचा तो सराव. गल्लीतली मुलं बेकरीच्या गच्चीवर चढून टाळ्या पिटायची. वारा आमच्या बाजूला असला की फेसाचे गोळे भिंतीवरून उडत यायचे. मुलं त्याच्या दाढ्या लावायची, मिश्या लावायची. एकदा माझ्याही डोक्यावर कुणीतरी फेसाची टोपी घातली होती. मला फार शोभली, असं सगळे म्हणाले.

एकदा खरोखरच एक विमान जळत्या चाकांनी उतरलं. फेसाने ती आग बघता बघता विझली, आणि आतून वैमानिक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. त्या दिवशी सगळी गल्ली गच्चीवर होती. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून त्या फेसाला मी सरसकट शिव्या देणार नाही. जवान त्यांचं काम चोख करत होते. पण फेस विरला म्हणजे संपला, असं सगळ्यांना वाटायचं. तळावरच्या लोकांना वाटायचं, गल्लीला वाटायचं आणि मलाही तसंच वाटायचं. तो विरत होता आणि मातीत उतरत होता. वर्षानुवर्षं, हळूहळू, अगदी माझा पाइप जिथून पाणी घेतो तिथपर्यंत.

मला ते कळलं नाही. त्याला रंग नव्हता, वास नव्हता, चव नव्हती. शिंपीणकाकूंचा चहा तसाच फक्कड होत होता.

मग एके दिवशी बातमी आली. दूर कुठल्याशा तळाजवळच्या विहिरींत या फेसातलं रसायन सापडलं होतं. ते शरीरात थोडं थोडं साठत जातं, लवकर बाहेर पडत नाही, आणि लहान बाळांना तर त्यापासून फारच जपावं लागतं. सरकारने हुकूम काढला, की देशातल्या प्रत्येक तळाच्या आसपासचं पाणी तपासा. आमच्या गल्लीतही दवंडी पिटल्यासारखी गाडी फिरली, की अमुक दिवशी हापशाच्या पाण्याचा नमुना घेतला जाईल.

मामांच्या अंगात वारंच शिरलं. सरकारी माणसं आपल्या हापशाला बघायला येणार! त्यांनी मला घासलं, पुसलं, निळाशार रंग दिला. नवा वॉशर घातला. आणि माझ्या तोंडाजवळच्या जोडावर पांढऱ्या टेपचे वेढ्यांवर वेढे दिले. तुम्ही नळजोडणीवाल्यांकडे बघितली असेल ती, पातळ, गुळगुळीत, दोरीसारखी गुंडाळायची टेप. "साहेबांसमोर एक थेंब टपकता कामा नये हं," मामा मला दम भरून म्हणाले. मी काय टपकतोय! मी नवरदेवासारखा नटून उभा होतो.

नमुना घ्यायला ठेकेदाराचा माणूस आला. भुरभुर पाऊस होता म्हणून त्याने चकचकीत रेनकोट घातला होता. त्याने मला दोनदा हापसलं, बाटली भरली, "रंग छान दिलाय हो," असं म्हणाला आणि गेला. मामा दिवसभर खुशीत होते.

काही दिवसांनी निकाल आला. पाण्यात रसायन सापडलं होतं, आणि तेही भरपूर. लगेच गल्लीत पाण्याचा टँकर सुरू झाला. टँकरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हापशाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. उकळल्याने हे रसायन जात नाही.' पाइपलाइन आणायचंही ठरलं. मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या हापशाचं पाणी वाईट? जन्म गेला आमचा हे पाणी पिऊन!" असं म्हणून ते टँकरकडे पाठ करून बसायचे. मीही बसलो असतो, पण मला पाठ फिरवता येत नाही.

त्यांच्या घरात मात्र वेगळंच चाललं होतं. मामांचा मुलगा ट्रकचालक, निम्मे दिवस रस्त्यावर. घरी मामा, त्यांची सून आणि तान्ही नात. नातीला सगळे ठमी म्हणतात. आईचं दूध पुरत नव्हतं, म्हणून ठमीला डब्यातल्या पावडरचं दूध बाटलीने पाजावं लागे. पावडर घरची नव्हती, पण त्यात कालवायचं पाणी माझं होतं. निकाल ऐकल्यावर सूनबाईंचा जीव टांगणीला लागला. टँकर आला की त्या सगळ्यांच्या आधी कॅन घेऊन उभ्या राहायच्या. आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोरून मान वळवून निघून गेल्या ना, ते मी अजून विसरलेलो नाही.

मग इथेच, माझ्या कट्ट्यापाशी, बैठक झाली. खुर्च्या मांडल्या. पाणी खात्याचे मोठे साहेब आले. तळावरचे अधिकारीही आले. हे अधिकारी ताठ, सडपातळ, बोलायला अगदी मऊ. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ते उठले, माझ्याजवळ वाकले आणि माझ्या तोंडाजवळची पांढरी टेप नखाने जरा उचकटली.

"ही टेप कधी लावली?" त्यांनी विचारलं.

"नमुन्याच्या आदल्याच दिवशी साहेब!" मामा पुढे सरसावले. "अगदी नवी कोरी. चांगले दाबून वेढे दिलेत."

"या टेपमध्ये त्याच कुळातलं रसायन असतं," अधिकारी म्हणाले. "नमुना घेणाऱ्याच्या रेनकोटमध्येही असू शकतं. मग बाटलीत सापडलेलं रसायन आमच्याच फेसाचं, हे कशावरून?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मोठ्या साहेबांना जणू सुटल्यासारखं झालं. त्यांनी घाम पुसला आणि जाहीर करून टाकलं, की निकाल रद्द, नवीन तपासणी यथावकाश, तोवर टँकर बंद आणि पाइपलाइनचं काम थांबवलेलं. या 'यथावकाश' शब्दाची मला चांगली ओळख आहे. माझ्या कट्ट्याची फरशी यथावकाश बसणार होती, ती अजून बसते आहे.

मामा मात्र आनंदाने नाचायचेच बाकी होते. "बघितलंत? माझा हापसा निर्दोष!" असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थाटात बादली भरली आणि घराकडे निघाले. दारात सूनबाई उभ्या होत्या. कडेवर ठमी, हातात दुधाची रिकामी बाटली.

"बाबा, हे पाणी मी हिला देणार नाही."

"अगं, ते टेपमुळे आलं. साहेबच म्हणाले ना?"

"टेपमुळे आलं असेल, असं म्हणाले. पाणी चांगलं आहे, असं कुणी म्हणालं का?"

मामांनी बादली खाली ठेवली.

"तुम्ही पिणार असाल तर प्या बाबा, मी तुम्हाला काय सांगणार? पण हिला बोलता येत नाही. हिच्या वतीने मीच नाही म्हणायला हवं ना?"

एवढं बोलून त्यांनी कॅन उचलला आणि ठमीला कडेवर घेऊन त्या चालू लागल्या. हमरस्त्यापलीकडच्या वस्तीत नळ आहे, तिथून पाणी आणायला. जाताना कॅन रिकामा होता, येताना भरलेला. एका कडेला पोर, दुसऱ्या हाताला पाणी, मध्ये भरधाव गाड्यांचा रस्ता. मामा धावले, त्यांनी कॅन घेतला. पण मामा कामावर गेले की पुन्हा त्या एकट्याच. आणि गल्लीतल्या इतर बाया? काही त्यांच्यामागून गेल्या. बऱ्याचजणी नाइलाजाने पुन्हा माझ्यापाशी आल्या.

त्या संध्याकाळी मामा माझ्या कट्ट्यावर येऊन बसले. मग माझ्या निळ्या रंगावरून हात फिरवत म्हणाले, "तुला नटवायला गेलो आणि पोरीचं पाणी तोडलं रे मी." मला वाटलं, सांगावं त्यांना, की मामा, तुम्ही प्रेमाने केलंत. पण प्रेमाने केलेली टेपसुद्धा टेपच.

सकाळी मामा पाणी खात्याच्या कचेरीत जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी या खिडकीतून त्या खिडकीत टोलवाटोलवी झाली. तरी मामा उठले नाहीत. "मला तपासणारं माणूस भेटवा, नाहीतर मी इथेच नळ दुरुस्त करत बसतो," असं म्हणून त्यांनी म्हणे तिथला गळका नळ खरोखरच दुरुस्त करून टाकला. शेवटी प्रयोगशाळेतल्या बाई बाहेर आल्या. पुढे गल्लीने त्यांचं नाव नमुनेबाई ठेवलं. त्यांनी मामांचं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बैठकीत तळावरच्या साहेबांनी काढलेली शंका बरोबर आहे. मीही तीच काढली असती. पण शंका आली की पुन्हा तपासायचं असतं मामा, गप्प बसायचं नसतं. चला, मी येते."

नमुनेबाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. कपडे जुने, धुऊन धुऊन विटलेले सुती. हात कोरडे ठणठणीत, कारण नमुना घ्यायच्या दिवशी त्या क्रीम लावत नाहीत. त्यांनी मला वरून खालून न्याहाळलं आणि हसल्या, "नटवलंय मात्र छान." मग कामाला लागल्या. तसलं रसायन रंगात, कागदात, क्रीममध्ये, नव्या कपड्यांतही असू शकतं, म्हणून त्यातलं काहीच जवळ नको होतं. मामांनी एकेक वेढा सोडवून टेप काढली आणि जोडात जुन्या पद्धतीचा नुसता ताग भरला. माझ्या तोंडावरचा निळा रंग खरवडून काढला. झाला माझा साजशृंगार! बेकरीवाल्याला बजावलं, की पाव गुंडाळायचा तेलकट न होणारा कागद घेऊन इकडे फिरकायचं नाही. शिंपीणकाकू हाताला काहीतरी सुगंधी चोपडून आल्या होत्या, त्यांना तिथूनच माघारी पाठवलं. "अगं बाई, पाण्याची तपासणी आहे की माझी?" असं पुटपुटत काकू गेल्या आणि गच्चीवरून बघत बसल्या.

नमुनेबाईंनी तळावरच्या त्या अधिकाऱ्यांनाही बोलावलं होतं. "उद्या पुन्हा वाद नको. साहेब, तुमची बाटली तुम्ही भरा, माझी मी भरते. धार एकच, प्रयोगशाळा दोन." अधिकारी वेळेवर आले. आणि काय सांगू मित्रांनो, अंगात नवं कोरं, पाणी न धरणारं जॅकेट!

नमुनेबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "साहेब, रेनकोटबद्दल बैठकीत कोण बोललं होतं?"

अधिकाऱ्यांनी स्वतःकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे. आता इथे 'बिचारे' म्हणायला माझी हरकत नाही. त्यांनी जॅकेट काढलं, गाडीत लांब नेऊन ठेवलं, हात धुतले आणि बाह्या सरसावून परत आले. "चुकलं माझं," असं सरळ म्हणाले. तिथून मला तो माणूस आवडायला लागला.

पाइपात साठून राहिलेलं पाणी आधी काढून टाकायचं होतं, म्हणजे खालचं ताजं पाणी वर येईल. सगळ्यांनी आळीपाळीने मला हापसायला घेतलं. मामा, बेकरीवाला, अधिकारी. मोठे साहेबही आले होते, त्यांनीही चार हात मारले आणि धापा टाकत बाजूला झाले. पाणी मोठ्या ड्रममध्ये पडत होतं. ड्रम भरला तेव्हा बेकरीवाल्याने विचारलं, "बाई, हे कुठे ओतू?"

"कुठेच नाही," नमुनेबाई म्हणाल्या. "झाकण लावा, गाडीत चढवा. ओतत ओतत तर इथवर आलोय आपण."

त्या शब्दांनी अधिकाऱ्यांचा हँडलवरचा हात क्षणभर थांबला. मी ते बघितलं.

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला भीती वाटत होती. पाणी चांगलं निघालं, तर मी इथला राजा. वाईट निघालं, तर माझं हँडल जाणार, हे मोठे साहेब सगळ्यांसमोर बोललेच होते. हापशाचं हँडल गेलं म्हणजे मग उरलं काय? नुसता खांब. गाई-म्हशींनी अंग घासावं असा. मला नापास व्हायचं नव्हतं. पण समोर सूनबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवरची ठमी माझ्या धारेकडे टक लावून बघत होती. तिला धार आवडली होती. ती हात पुढे करत होती, आणि तिची आई तो हात हळूच मागे घेत होती. ते बघितलं आणि माझी भीती पळाली. म्हटलं, जे आहे ते येऊ दे वर. आडपडदा नको.

दोन बाटल्या भरल्या. शिवाय नमुनेबाईंनी प्रयोगशाळेतून आणलेलं स्वच्छ पाणी माझ्याशेजारीच तिसऱ्या बाटलीत ओतलं. "ही साक्षीदार," त्या म्हणाल्या. "हिच्यात रसायन सापडलं तर दोष आपल्या हातांचा, कपड्यांचा, हवेचा. ही स्वच्छ निघाली आणि हापशाच्या बाटल्यांत सापडलं, तर दोष पाण्याचा." तिन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत गेल्या.

निकाल येईपर्यंत गल्लीतल्या कुणीच माझं पाणी प्यायलं नाही. मामासुद्धा नाही. सगळे मिळून हमरस्त्यापलीकडून पाणी आणत होते, हातगाडीवर कॅन रचून, आणि गाडी ओढायला मामा पुढे.

निकाल सांगायला तळावरचे अधिकारी स्वतः आले. एखाद्या शिपायाला पाठवता आलं असतं, पण आले. नमुनेबाई आणि मोठे साहेब सोबत होते.

"दोन्ही प्रयोगशाळांचं उत्तर एकच आहे," अधिकारी म्हणाले. "साक्षीदार बाटली स्वच्छ. हापशाच्या दोन्ही बाटल्यांत रसायन आहे, आणि ते आमच्याच फेसातलं आहे. हे पाणी आमच्या खड्ड्यामुळे खराब झालं."

सूनबाई पुढे आल्या.

"साहेब, जळत्या विमानातून तुमच्या जवानांनी माणूस वाचवला होता, तो दिवस या गल्लीने गच्चीवरून बघितलाय. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता आमची पोरं वाचवा. तेवढ्याच घाईने."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. मोठे साहेब सवयीने "यथा..." म्हणायला गेले, पण नमुनेबाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की पुढचा शब्द त्यांच्या घशातच राहिला. "आजच," ते म्हणाले. "टँकर आजच."

आणि टँकर खरंच त्याच दिवशी आला. नंतर रस्ता खणला गेला, पाइप आले, आमची कडेची गल्ली एकदाची शहराला जोडली गेली. तळावर तो फेस बंद झाला, खड्ड्याची माती उपसून झाकलेल्या ट्रकांतून नेली गेली. दवाखान्याची गाडी आली, सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, ठमीचंही. तिच्या रक्तात ते थोडं सापडलं. डॉक्टरीणबाई सूनबाईंना म्हणाल्या, "तुम्ही वेळेवर पाणी बदललंत. आता दरवर्षी बघत राहू." सूनबाई तिथेच माझ्या कट्ट्यावर टेकल्या आणि हमसून हमसून रडल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होतो.

माझं हँडल काढायला खात्याची माणसं आली, तेव्हा मामा आडवे आले. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हा मी सांभाळलाय, हँडल मीच काढणार." त्यांनी पाना लावला. तो बोल्ट मी मुद्दाम घट्ट धरला नव्हता, शपथेवर सांगतो, पण तो काही निघेना. मामा कपाळ माझ्यावर टेकवून म्हणाले, "सोड रे राजा. तू नापास झालेला नाहीस. पाण्यात काय आहे ते तू वर आणून दाखवलंस, आता आराम कर." मग तो सुटला. मला दुखलं का? हो, दुखलं. पण समोरच्या घरात त्याच वेळी नळाखाली बाटली भरत होती आणि ठमी भुकेने गल्ली डोक्यावर घेत होती. थोड्याच वेळात तिचा आवाज बंद झाला. दूध मिळालं होतं. त्या शांततेपुढे माझ्या हँडलची काय कथा!

मित्रांनो, आता कळलं ना माझं हँडल कुठे आहे ते? ते नमुनेबाईंच्या कपाटात आहे, कुलूप लावून, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी. ऋतू बदलला की त्या ते घेऊन येतात. मामा ते बसवतात, मी थोडा वेळ पुन्हा हापसा होतो, बाटली भरून देतो, खालच्या पाण्याचा हालहवाल कळवतो. रसायन कमी होतंय, पण फार सावकाश. जमिनीत जे पटकन जातं, ते तितक्या पटकन निघत नाही. आज ना उद्या ते निघेल असं मला वाटतं, आणि मी थांबणार आहे. हातोडीवाला म्हणालाच होता, हा टिकेल.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मोरीतून, अंगणातून, कारखान्यातून काही ओतायला निघालात, की क्षणभर हात थांबवा. तुम्ही जे ओतता ते नाहीसं होत नाही, नजरेआड होतं इतकंच. खाली माझ्यासारखा कुणीतरी उभा असतो, आणि तुम्ही जे देता तेच तो एखाद्या बाळाच्या बाटलीत परत देतो. त्याला दुसरं काही देता येत नाही हो.

परवा नमुनेबाई आल्या होत्या. ठमी आता दुडूदुडू चालते, चार शब्द बोलते. मामा हँडल बसवत होते, हात कोरडे, कपडे जुने, कुणाला जवळ येऊ देत नव्हते. तेवढ्यात ठमी तिची पाण्याची छोटी बाटली घेऊन आली, टाचा उंचावून माझ्या तोंडाशी पोचली आणि म्हणाली, "हापशा, पी."

"अगं अगं, नमुना बिघडेल!" मामा ओरडले.

"बिघडू दे," नमुनेबाई म्हणाल्या. "जास्त हापसू आपण."

मित्रांनो, जन्मभर मी या गल्लीला पाणी पाजलं. मला पाणी पाजायला आलेली ती पहिलीच. नळाचं स्वच्छ पाणी होतं ते. मी सगळं प्यायलो.